तबकडीची खरखर

‘संन्यस्त खड्ग’ हे सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेले नाटक १९३१ साली रंगभूमीवर आले. त्यातील मास्टर दीनानाथांच्या पदाची लाखेची तबकडी आमच्या घरी आहे. आपल्या पावसाळ्यात वेष्टनाला बुरशी चढली, पण गाणे शाबूत! तेच पद पुढे निघालेल्या दोन पुनर्मुद्रणांवर ऐकले आणि चक्रावलोच. एकात खरखर पुसताना ‘स’, ‘श’ची धार अन् तानेआधीचा श्वासही पुसला गेला होता. दुसऱ्यात खरखर होती, पण स्वर चढा.

कारण साधे आहे. जुन्या तबकड्या सरसकट मिनिटाला ७८ फेरे धरून वाजवतात. ध्वनिमुद्रण मात्र नेहमी नेमके त्याच वेगाने होत नसे. वेग शेकडा ६ ने वाढला की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते, तानही धावते. मग आमचे मित्र म्हणतात, “दीनानाथांचा आवाज चिरका!” हा गायकावर अन्याय नव्हे काय? पुनर्मुद्रण करणाऱ्यांनी खरखरीला हात लावण्याआधी शेजारी पेटी घेऊन बसावे. साथीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लागला, तर वेगाचा संशय घ्यावा. त्याला यंत्र लागत नाही, कान लागतो.

आमच्या चावीच्या ग्रामोफोनला वेग कमीजास्त करायचा खटका आहे. मी तूर्त त्यावरच भागवतो.