रायपूरचा तांदूळ आणि दारिद्र्याची रेषा

दारिद्र्य मोजण्याचे काम वरवर पाहता निव्वळ संख्याशास्त्राचे वाटते. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही ते तसेच भासविले गेले. १९६३ च्या सुमारास तेथील सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी अत्यंत काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याची तिप्पट केली; कारण १९५५ च्या पाहणीनुसार कुटुंबे उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करीत. १९६९ मध्ये हीच सरकारी रेषा झाली. पुढे घरभाडे व औषधोपचार महागले, अन्नाचा हिस्सा घटला. रेषा मात्र किंमतवाढीपुरतीच सरकली. रेषा खाली राहिली की गरीब कमी दिसतात आणि तिजोरीवरचा भारही हलका होतो.

आपल्याकडे हा व्यवहार अधिक उघडपणे चालतो. शहरात दररोज दरडोई ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा दरिद्री नव्हे, असे प्रतिज्ञापत्र नियोजन आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिले. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ साली छत्तीसगडातील सुमारे ४० टक्के लोक गरीब होते. रंगराजन समितीच्या हिशेबाने त्याच वर्षी सुमारे ४८ टक्के. शंभरातील आठ माणसे गरीब की नाहीत, हे समितीगणिक ठरले!

रायपूरच्या विधानसभेने डिसेंबर २०१२ मध्ये संमत केलेल्या अन्नसुरक्षा कायद्याचे महत्त्व येथे आहे. सरकार भारतीय जनता पक्षाचे होते, हे लपविण्याचे कारण नाही. त्या कायद्याने गरीब कोण हे शोधण्याऐवजी वगळायचे कोणाला, एवढेच ठरविले. आयकरदाते आणि मोठे जमीनधारक बाहेर ठेवून बाकी बहुसंख्य जनतेला धान्याचा हक्क दिला. अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांना दरमहा ३५ किलो, तेही १ ते २ रुपये किलोने. रास्त भावाची दुकाने २००४ पासूनच खासगी मालकांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचतगटांकडे सोपविण्यात आली होती. रांगेत सारे गाव उभे असले की मापात पाप करणे अवघड जाते.

महाराष्ट्रात उलटे घडले. २०१३ चा केंद्रीय कायदा लागू करताना प्राधान्य कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा शहरात ५९ हजार व ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ठरली. पाच माणसांच्या घरात ५९ हजारांचा भागाकार करून पाहावा: दररोज दरडोई ३२ रुपये! देशभर छीथू झालेला आकडा तहसील कचेरीच्या खिडकीतून परत आत आला. वर्षभर किमान वेतन मिळविणारा कामगारही या मर्यादेबाहेर जातो. शिधापत्रिका टिकवायची तर उत्पन्नाचा दाखला खोटा हवा.

तरीही रायपूरच्या कायद्याची आरती ओवाळू नये. स्वस्त तांदळाने पोट भरते. त्याकडे बोट दाखवून मजुरी दाबली गेली, तर सवलत मालकाच्या खिशात जाते. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालाने छत्तीसगडातील बहुआयामी दारिद्र्य सुमारे १६ टक्क्यांवर आल्याचे सांगितले. त्या निर्देशांकात वीज, शौचालय, बँकखाते यांची नोंद आहे. उरला-सिलतराच्या पोलाद कारखान्यांत भट्टीपुढे उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला दिवसाकाठी किती मजुरी मिळते, हे त्याच्या १२ निकषांपैकी एकही विचारीत नाही.