सही जुळत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानाचा रोजमेळ घरातल्या आईच लिहीत असत. शेतकऱ्याच्या पट्टीतील हमाली-तोलाईची वजावट त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही. सत्तावन्नाव्या वर्षी एकाच शेतकऱ्याची पट्टी त्यांनी दोनदा चुकती केली, तेव्हा घरात सगळे हसले. पुढे महिन्याचा किराणा दोनदा आला. एके दुपारी त्या गणपती पेठेतून घरी येण्याचा नेहमीचा रस्ता चुकल्या, तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

डॉक्टरांनी प्रथम थायरॉइड आणि बी-१२ तपासले. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव पुष्कळदा आढळते आणि तिच्यामुळे आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. म्हणून ही तपासणी कोणी टाळू नये. येथे कारण ते नव्हते. मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान केले. हा आजार वृद्धांचाच, अशी समजूत आहे. परंतु १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी जिची लक्षणे टिपली, ती स्त्री अवघी ५१ वर्षांची होती.

अप्पांनी ताकीद दिली, "बाहेर बोलायचं नाही." मुलीचे लग्न व्हायचे होते, आणि बाजारात पत जपावी लागते. या मौनात दीड वर्ष गेले.

ते मोडले एका धनादेशाने. 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन तो परत आला. आई दुकानात चार आण्यांच्या भागीदार होत्या. थोरला मुलगा बँकेत जाऊन म्हणाला, "आईचं कुलमुखत्यारपत्र करून घेतो, म्हणजे प्रश्न मिटला." व्यापारी घरांत हा भ्रम फार रुजलेला आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, पत्र देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद करून ठेवायचा, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. भागीदार मनाने असमर्थ झाला, तर १९३२ च्या कायद्यानुसार फर्म विसर्जित करावी म्हणून न्यायालयात दावाही होऊ शकतो. बँकेतील अधिकाऱ्याने हे समजावून एवढेच विचारले, "आईंना काय हवं आहे, हे त्यांना कोणी विचारलं का?"

कोणीच विचारले नव्हते.

सकाळी देवदर्शनाहून आल्यावर आईंचे चित्त स्वच्छ असे. त्या वेळी अप्पांनी विचारले. आई म्हणाल्या, "माझा हिस्सा लेकीला. तिचं लग्न झालं तरी, न झालं तरी."

थोरल्याला हे रुचले नाही. "आईला आता काय कळतंय?"

धाकटी सून सहसा मध्ये बोलत नसे. ती म्हणाली, "भाऊजी, मुखत्यारपत्रावर सही करण्यापुरतं कळत होतं ना?"

१९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे, एरवी मन ठिकाणावर नसणारी व्यक्तीही ते ठिकाणावर असेल त्या काळात मृत्युपत्र करू शकते. निदान झाले म्हणून त्याच दिवशी माणसाचा अधिकार बुडत नाही. डॉक्टरांनी आईंना तीन निरनिराळ्या सकाळी, घरच्यांना बाहेर बसवून, तोच प्रश्न विचारला. तिन्ही वेळा उत्तर तेच आले. डॉक्टरांचे लेखी मत सोबत ठेवून मृत्युपत्राची नोंदणी झाली. फर्ममधून निवृत्तीचा लेख झाला आणि भांडवलाची रक्कम आईंच्या नावे ठेवीत गेली. सही वाकडी होती, पण त्यांचीच होती.

घरातले प्रश्न मात्र कोणत्या कलमात बसणारे नव्हते. चाळीस वर्षे सूर्यास्तानंतर अन्नाला स्पर्श न केलेल्या आई रात्री आठ वाजता म्हणू लागल्या, "मला कुणी जेवायलाच वाढलं नाही." पहिल्या रात्री घर स्तब्ध झाले. समजावून पाहिले, त्या रडू लागल्या. अखेर सुनेने दूध-भाकरी कुस्करून दिली. अप्पा उठून आत गेले. दुसऱ्या रात्री ताट घेऊन तेच आले. त्यांचा स्वतःचा नियम आजही चालू आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात अप्पा गणपती पेठेत गेले आणि ओळखीच्या दुकानदारांना स्वतः सांगून आले, "घरची एकटी दिसली तर बसवून घ्या आणि मला फोन करा." आता पेठेतल्या तीन दुकानांत आईंसाठी खुर्ची असते.