अकरा महिन्यांचे कारकून आणि उद्याचे नेते

२४ डिसेंबर २०२३ रोजी राज्यभरातले संशोधक विद्यार्थी बार्टी, सारथी आणि महाज्योती या तीन सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी सामाईक परीक्षेला बसले. परीक्षा घेण्याचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सेट विभागाकडे होते. हातात पडलेली प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेची निघाली, जशीच्या तशी. ओरड झाली, परीक्षा रद्द झाली, १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा ठरली. तिथे काही संचांच्या पाकिटांना सीलच नाही म्हणून विद्यार्थी पुन्हा बाहेर पडले. पेपर फुटला की नाही, यावर मग दोन्ही बाजूंनी पत्रके निघाली. कुलगुरूंपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना जाब विचारून झाला. एक प्रश्न मात्र कुणी विचारल्याचे आठवत नाही: ज्या खोल्यांतून अशा परीक्षा, असे अर्ज आणि अशा याद्या तयार होतात, तिथे माणसे किती आहेत, आणि त्यातली किती पुढच्या वर्षीही तिथेच असतील?

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत पुणे ही राज्याची राजधानीच. बार्टी आणि आदिवासी संशोधन संस्था क्वीन्स गार्डनमध्ये, समाजकल्याण आयुक्तालय इथेच, उच्च शिक्षण संचालनालय सेंट्रल बिल्डिंगमध्ये, आणि सारथी तर बालचित्रवाणीच्या आवारात, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. चांद्याच्या किंवा नंदुरबारच्या पोराच्या बँक खात्यात रक्कम पडायची की नाही, हे बऱ्याच अंशी याच चार-पाच मैलांत ठरते. या सगळ्या योजनांच्या माहितीपत्रकात तरुण नेतृत्व घडवण्याची भाषा असते. ते घडवणाऱ्या टेबलाबद्दल अवाक्षर नसते.

हे टेबल कसे चालते ते ज्याने अर्ज भरला त्याला चांगले ठाऊक असते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला की तो आधी कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला पडतो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या. उत्पन्नाचा दाखला जुना, आधारवरचे नाव आणि दहावीच्या सनदेवरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक, गॅप सर्टिफिकेट नाही, एवढ्यावर अर्ज परत येतो. मुदत संपण्याच्या आठवड्यात शेकडो अर्ज एकाच माणसाच्या लॉगिनला अडकलेले असतात. हा माणूस सहसा शिष्यवृत्तीचाच नसतो. तो प्रवेशही बघतो, परीक्षेचे फॉर्मही बघतो आणि प्राचार्यांचा पाहुणा आला की त्याला आणायलाही जातो. विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून ज्यांचे नाव फलकावर असते, ते प्राध्यापक अतिरिक्त कार्यभार सांभाळत असतात. तास संपवून ते कमवा व शिका योजनेतल्या मुलांच्या तासांचे हिशेब जुळवायला बसतात. आणि ज्या संस्थांत निव्वळ शिष्यवृत्तीचेच काम चालते, तिथल्या संगणकांपुढे मोठ्या प्रमाणावर कंत्राटी माणसे. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग नवा करार, नाहीतर नवा माणूस.

टेबलावरच्या माणसाची बाजू घेताना त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. 'साइट बंद आहे' हे वाक्य साइट चालू असतानाही ऐकवणारे आहेत. आपल्याच जातीच्या किंवा तालुक्याच्या मुलाला आत बोलावून बाकीच्यांना खिडकीशी ताटकळत ठेवणारेही आहेत. गावाकडून आलेली मुलगी पहिल्यांदा सरकार नावाची गोष्ट पाहते ती त्या खिडकीतून, आणि तिथे तिला पहिला धडा मिळतो तो अनेकदा ओळख काढण्याचा. उद्याचे नेते तिथेच घडत असतात, फक्त आपल्याला हवे तसे नाही.

जुन्या शिष्यवृत्त्यांच्या गोष्टी आपण दाते आणि मानकरी अशा दोनच पात्रांत सांगतो. मध्ये एक तिसरा असायचा. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना मदत केली, हे शाळकरी पोरालाही सांगता येते. पण मॅट्रिक झालेल्या भीमाला १९०७ मध्ये आपले बुद्धचरित्र भेट देणारे, आणि पुढे वडिलांची ऐपत संपल्यावर त्याला महाराजांपुढे नेऊन उभे करणारे कृष्णाजी अर्जुन केळूसकर? विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. त्या भेटीतून महिना २५ रुपये मिळाले, मग पदवी, मग ४ जून १९१३ चा करार, महिना साडेअकरा पौंड आणि कोलंबिया. करारात दहा वर्षे बडोद्याच्या नोकरीची अट होती. लंडनचा अभ्यास अर्धवट असताना मुदत संपली आणि आंबेडकरांना १९१७ मध्ये परतावे लागले. देणारा तोच, घेणारा तोच. पण नियम बाजूला ठेवून माणूस पाहील असे त्या वेळी दरबारात मध्ये कुणी उभे नव्हते. सावरकरांना १९०६ मध्ये श्यामजी कृष्णवर्मांची शिवाजी शिष्यवृत्ती मिळाली तीही टिळकांच्या शिफारशीवर, म्हणजे पुण्यातून. या शिफारशींत वशिला होताच. पण शिफारस करणारा त्या मुलाला वर्षानुवर्षे पाहत आलेला होता.

आज निवड ओळखीवर होत नाही, गुणांवर होते, आणि ते योग्यच आहे. केळूसकर सगळ्यांच्या नशिबी नसतात. जे भटके, जे पालावरचे, ज्यांच्या गावात एकही केळूसकर नव्हता, त्यांच्यासाठीच तर नियम आणि यंत्रणा हवी होती. मात्र यंत्रणेला स्मरणशक्ती लागते, आणि ती संगणकात नसते. मागच्या वर्षी कोणत्या तहसीलच्या दाखल्यांचा घोळ झाला होता, कोणत्या मुलाने वडील गेल्यामुळे एक वर्ष सोडले होते, कोणती प्रश्नपत्रिका आधी वापरून झाली आहे, हे ज्याला ठाऊक असते तो त्याच खुर्चीत पाच-सात वर्षे टिकलेला असावा लागतो.

पुण्याला हे नवे नाही. २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षांची बांधिलकी पत्करली ती महिना ७५ रुपयांवर. आगरकर त्यातलेच, आणि गोखलेही, जे १९०२ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले. गोखल्यांनीच १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तेव्हा सार्वजनिक कामात उतरू पाहणाऱ्या तरुणाला आधी पाच वर्षे उमेदवारी करायला लावली. नेतृत्व घडवायची ही पुण्यातली सगळ्यात करडी शाळा. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तीही दशकानुदशके टिकली ती वसतिगृहातल्या मुलांना नावानिशी ओळखणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. पुण्यातल्या भाषणांत या सगळ्यांतला त्याग हमखास येतो. वीस वर्षे एकाच कामाला चिकटून राहण्याची जी सोय त्या संस्थांनी केली, ती भाषणात येत नाही, कारण मग कंत्राटाचा विषय काढावा लागेल. आजीव सदस्याच्या निष्ठेची अपेक्षा आणि अकरा महिन्यांचा करार ही जोडी जमणारी नाही. आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर तर नाहीच नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कारकून नसला तर विद्यापीठ चालत नाही, हे त्या दिवसांत सगळ्यांना कळले आणि संप मिटताच सगळे विसरले. रिक्त जागांचा प्रश्न तसाच राहिला.

येत्या वर्षी पोर्टल उघडेल तेव्हा विद्यापीठाने आणि बार्टी, सारथी, महाज्योती या तिन्ही संस्थांनी मंजूर निधीच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे छापावेत: शिष्यवृत्तीचे काम करणारी कायम माणसे किती, कंत्राटी किती, आणि मागच्या वर्षी विद्यार्थ्याच्या नव्हे तर कार्यालयाच्या चुकीने किती अर्ज बाद झाले. तिसरा आकडा कुणी ठेवतच नसेल, तर निदान तो ठेवायला एक माणूस नेमावा. अकरा महिन्यांसाठी नको.