परवलीचा शब्द वारंवार बदलावा काय?

अनेक कार्यालयांत व विद्यालयांत असा नियम रूढ आहे की, संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाने आपला परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, ठराविक मुदतीने बदललाच पाहिजे. त्या शब्दात एक मोठे अक्षर, एक अंक व एक चिन्ह असावे, अशीही अट असते. हा नियम वरवर पाहता दक्षतेचा वाटतो. परंतु त्यापासून लाभापेक्षा हानीच अधिक होते, व तो आता सोडून द्यावा, असे आमचे मत आहे.

हा नियम निर्माण का झाला, हे प्रथम पाहू. एकच संगणक अनेकांनी वापरण्याची पद्धती १९६० नंतर सुरू झाली, तेव्हा प्रत्येकाची कागदपत्रे सुरक्षित राहावीत म्हणून परवलीचे शब्द योजण्यात आले. पण माणसे फार सोपे शब्द निवडतात, असे लवकरच आढळून आले. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली ३,२८९ शब्दांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २,८३१ शब्द, म्हणजे शेकडा ८६, अगदी आखूड तरी होते किंवा शब्दकोशासारख्या याद्यांत सापडणारे तरी होते. तेव्हा निवडीवर काही बंधन असावे, हा विचार मुळात चुकीचा नव्हता. चूक झाली ती बंधनाच्या स्वरूपात.

माणसाची स्मरणशक्ती मर्यादित आहे, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनी विचारात घेतली नाही. दर तीन महिन्यांनी नवा शब्द मागितला, की मनुष्य जुन्याच शब्दाच्या शेवटी १ च्या जागी २ लिहितो. चिन्ह मागितले, की शेवटी उद्गारचिन्ह जोडतो. तेही लक्षात राहीनासे झाले, म्हणजे चिठ्ठीवर लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवितो. नियम अक्षरशः पाळला जातो, पण त्याचा हेतू विफल होतो.

मुदतीने बदल करण्याच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. शब्द नकळत चोरीस गेला असला, तरी तो बदलताच चोराचा मार्ग बंद होईल, असे म्हटले जाते. या समजुतीची परीक्षा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात झाली. तेथील ७,७०० हून अधिक खात्यांचे मुदत संपलेले शब्द तपासून संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, जुना शब्द हाती असल्यास शेकडा ४१ नवे शब्द संगणकाला सरासरी तीन सेकंदांच्या आत शोधता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेच्या पूर्वीच्या मार्गदर्शनाने कठीण रचनेच्या नियमांना बळ दिले होते; त्याच संस्थेने २०१७ साली आपले मत बदलले. मुदतीने बदल व अक्षरांची सक्ती या दोन्ही गोष्टी मागू नयेत, मात्र शब्द फुटल्याचा पुरावा मिळताच तो बदलावयास लावावा, असे तिने सुचविले.

मग चांगला शब्द कोणता? ज्याची लांबी मोठी व निवड यदृच्छेने झालेली असेल तो. ७,७७६ साध्या शब्दांची यादी घ्यावी. एक फासा पाच वेळा टाकला असता तितक्याच निरनिराळ्या जुळण्या होतात. म्हणून प्रत्येक जुळणीस एक शब्द नेमून देता येतो. असे चार शब्द क्रमाने जोडले, तर त्यांच्या संभाव्य रचना रोमन लिपीतील आठ लहान अक्षरांच्या रचनांच्या सुमारे साडेसतरा हजार पट होतात. आणि ते चार शब्द मुलांनाही पाठ होतात. मात्र ते फाशानेच निवडले पाहिजेत. प्रसिद्ध म्हण किंवा गाण्याची ओळ घेतल्यास हा लाभ उरत नाही.

तथापि, आपला शब्द आपणच दुसऱ्याच्या स्वाधीन केला, तर त्याची लांबी काय कामाची? दूरध्वनीवरून कोणी अधिकारी म्हणून विचारो, अथवा कामाच्या घाईत सहकारी मागो, तो सांगू नये. एका ठिकाणचा शब्द दुसरीकडे वापरू नये. कारण एक यादी चोरीस गेली, की तीच किल्ली चोर सर्वत्र लावून पाहतात. शक्य तेथे दुसरा पुरावाही, उदाहरणार्थ भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा अंक, आवश्यक ठेवावा, व तोही कोणास सांगू नये.

शाळेच्या संगणकात मुलांच्या जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी व शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँकखात्यांचे क्रमांक असतात. ही माहिती बाहेर गेली, म्हणजे ती परत घेता येत नाही. तिचे रक्षण करण्याचा भार केवळ शिक्षकाच्या व लिपिकाच्या स्मरणशक्तीवर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. माणसाला पाळता येईल असा नियम करणे, हे नियम करणाराचे पहिले कर्तव्य होय. ते पार पाडल्यावरच नियम मोडणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो.