डोंगा गावात, बोट नागपुरात

२२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं. चाळीसहून अधिक माणसं अडकली आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागावी लागली. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे हेलिकॉप्टरबद्दलच बोलत होते. मला प्रश्न पडला, बोट कुठे होती?

यवतमाळला समुद्र नाही, म्हणून बोट आपल्याला सुचतच नाही. जिल्हा म्हटलं की कापूस, दुष्काळ आणि आत्महत्या. पण वर्धा, पैनगंगा, पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्याही आपल्याच. इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की उमरखेडकडच्या काठावरच्या गावांना झोप नसते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या मात्र नागपूर आणि धुळ्याला, राष्ट्रीय दल पुण्याजवळ. नागपूरहून महागाव दोनशे किलोमीटरच्या वर, आणि पुरात आधी रस्ताच बंद होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटी वाहून गेली, तेव्हाही आधी धावले ते आसपासचे लोक.

उर्दूच्या तासाला मी ‘कश्ती’ शिकवतो, मराठीच्या तासाला ‘नाव’. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आमच्या घरी डोंगा आहे.” पोरगा भोयाचा. नदीत भोवरा कुठे पडतो, पाणी कुठे ओढतं, हे त्याच्या बापाला तोंडपाठ. अशी माणसं धरणांवरच्या मच्छीमार संस्थांमध्ये जागोजागी आहेत. २०१८ च्या पुरात केरळच्या कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून नेल्या आणि हजारो लोक बाहेर काढले. त्यांना कोणी आधी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

पण नुसती होडी असून भागत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या ब्रह्मनाळला लोकांना वाचवायला निघालेलीच बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. तिच्यात माणसं जास्त झाली होती. डोंगाही तलावाच्या संथ पाण्याचा, पुराच्या धारेत तो टिकणार नाही. म्हणून इंजिनाची रबरी बोट तालुक्यालाच ठेवा आणि ती या भोयांच्या हाती द्या. मे महिन्यातच धरणावर सराव घ्या. किती माणसं बसवायची तो आकडा बोटीवर रंगवा, लाइफ जॅकेट मोजून ठेवा. आणि हो, त्या दिवसाची मजुरी आणि विमाही द्या. गरिबाच्या धाडसाला आपण फुकटात शाबासकी देतो, ही आपली जुनी खोड.

त्या पोराने मला विचारलं, “सर, बाबांचं नाव यादीत टाकता का?” मी एका कार्यालयात फोन केला. त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचा नंबर दिला. तिथून पुन्हा पहिल्याच कार्यालयाचा नंबर मिळाला.