सावली चैत्रात हवी

आज करंजाच्या झाडाविषयी. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड या गावाचं नाव लोक करंज ऋषींच्या कथेशी जोडतात. अशा मुलखात तरी नवी वस्ती झाली, शाळेचं आवार आखलं, की करंजाची आठवण आधी व्हायला हवी. लावला जातो तो गुलमोहर.

मादागास्करहून आलेला गुलमोहर देखणा आहे, यात वाद नाही. पण त्याची पानं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर झडतात. पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा तो उघडाबोडका उभा असतो आणि त्याच्याखाली एसटीची वाट बघणाऱ्या माणसाला उन्हातच उभं राहावं लागतं. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्याही पटकन मोडतात.

करंजही पानं गाळतो, पण थोडेच दिवस. लगेच पोपटी पालवी फुटते, तेल चोपडल्यासारखी चकचकीत. बघता बघता ती गर्द होते आणि खाली दाट सावली पडते. मग फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे घोस येतात, मधमाश्या घोंगावतात, रस्त्यावर फुलांचा सडा पडतो. सफाई कामगारांना त्याचा त्रास होतो, हे खरं. पानांवर कोळीवर्गीय किडीमुळे पुरळासारख्या गाठी येतात, त्याने झाड दगावत नाही. शेंग चपटी, टोकाला बाक, आत बहुधा एकच बी. बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळत. पेंड आजही शेतात जाते. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधतात. पाला कडवट, त्यामुळे ढोरं फारशी तोंड लावत नाहीत. विदर्भातल्या मोकाट जनावरांच्या रस्त्यांवर हा गुण फार मोलाचा.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला; कुठल्या जागी कुठलं झाड, हे विचारायचं राहून गेलं. माझ्या मते तोच प्रश्न पहिला.

करंज महागडा नाही. पिकलेल्या शेंगा फोडून बी पिशवीत लावलं की दोन-तीन आठवड्यांत रुजतं. पाऊस नीट लागल्यावर थेट खड्ड्यात पेरलं तरी चालतं. मात्र भिंतीपासून अंतर ठेवा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घाला. येत्या पावसाळ्यात कारंजा नगरपरिषदेने बसस्थानकाकडे जाणारा रस्ता तरी करंजाचा करावा.