स्पर्धेचे नियम आणि तयारीतील विषमता

शालेय रोबॉटिक्स स्पर्धेचे नियमपत्रक वाचणाऱ्या समतावाद्याला प्रथमदर्शनी समाधानच वाटेल. 'फर्स्ट लेगो लीग' ही या प्रकारातली जगभर पसरलेली स्पर्धा. अमेरिकेतील डीन केमन आणि डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे तत्कालीन प्रमुख केल्ड कर्क क्रिस्टियनसेन यांनी ती १९९८ साली उभी केली. तिचे २०२४-२५ च्या हंगामाचे नियम पाहावेत. संघात दोन ते दहा मुले. रोबोला नियंत्रक एकच आणि मोटारी फार तर चार. सामना अडीच मिनिटांचा. त्या वेळात मुलांनी आधी लिहून ठेवलेल्या आज्ञावलीवरच रोबोने टेबलावरची कामे उरकायची. दुरून चालवायला मनाई. आरंभक्षेत्राबाहेर त्याला मध्येच हात लावला, तर संघाला मिळालेल्या सहा चकत्यांपैकी एक पंच काढून घेणार. श्रीमंताच्या मुलालाही पाचवी मोटार लावता येत नाही.

मग विषमता शिरते कोठून? ती तयारीतून शिरते. नियम मोटारी मोजतात, सरावाचे तास मोजत नाहीत. मोटारींना मर्यादा आहे. जोडणीच्या साध्या तुकड्यांना नाही, ते कोणत्याही संचातून हवे तितके आणावेत. म्हणजे ज्याच्या घरी कपाट भरून खोके आहेत, त्याने प्रत्येक कामासाठी वेगळे अवजार बांधून ठेवावे. ज्या शाळेकडे एकच संच आहे, त्या शाळेतील मुलांनी एक अवजार मोडून दुसरे बांधावे!

ही तयारी असते तरी काय, हे शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी एकदा जवळ बसून पाहावे. रोबो सांगितल्याप्रमाणे सरळ जातो हा बाहेरच्यांचा समज आहे. बॅटरी उतरली की त्याची चाल बदलते. चाकाला धूळ लागली की तो घसरतो. सुरुवातीला केसभर तिरका ठेवला, तर चटईच्या दुसऱ्या टोकाला बोटभर चुकतो. म्हणून मुले त्याला कडेच्या लाकडी पट्टीवर टेकवून सरळ करायला शिकतात, काळी रेघ ओळखणारा सेन्सर लावतात, कोणते काम आधी व कोणते मागून याचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडतात. अडीच मिनिटांच्या सामन्यामागे काही महिन्यांची संध्याकाळ असते. त्यासाठी सुमारे आठ फूट बाय चार फुटांचे टेबल कायम मांडलेले हवे. ज्या शाळेत एकाच खोलीत दोन वर्ग भरतात, तेथे चटई रोज गुंडाळावी लागते आणि उद्याचा सराव पुन्हा शून्यापासून सुरू होतो. शेवटची एस. टी. पकडणाऱ्या मुलीला तर संध्याकाळच नसते.

त्यात आणखी एक गोष्ट, तिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. काम मुलांनीच करावे, असा संकेत या स्पर्धेत आहे आणि परीक्षक मुलांना प्रश्नही विचारतात. परंतु महिन्याची फी घेणाऱ्या शिकवणीवर्गात आज्ञावलीची शेवटची ओळ कोणी लिहिली, हे कोणता पंच पाहणार?

यावर काही साथी म्हणतील की हे सारे सुखवस्तूंचे खेळ; आधी शाळेला छप्पर आणि पिण्याचे पाणी द्या. छप्पर आणि पाणी मागितलेच पाहिजे. पण श्रमिकांच्या मुलांना आधी केवळ गरजेपुरते द्यावे आणि बुद्धीचे खेळ मागाहून, हा युक्तिवाद आजवर कोणाच्या सोयीचा ठरला आहे? लेगोच्या ज्या 'माइंडस्टॉर्म्स' संचावर ही स्पर्धा वाढली, त्याचे नाव सीमोर पॅपर्ट यांच्या १९८० सालच्या ग्रंथावरून घेतलेले. पॅपर्ट दक्षिण आफ्रिकेत जन्मले आणि तरुणपणी वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीत वावरले. संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावे, असा त्यांचा आग्रह. तो विचार महाग खोक्यात बंद झाला, हा दोष विचाराचा नाही.

नियम बदलता येतात. 'वर्ल्ड रोबॉट ऑलिंपियाड'मध्ये कित्येक वर्षे रोबो सुटा करून आणायचा आणि जागेवरच जोडायचा, असा दंडक होता; शिवाय स्पर्धेच्या दिवशी एक अनपेक्षित नियम जाहीर होतो. घोकंपट्टीने आणि दुसऱ्याच्या हाताने केलेली तयारी तेथे लंगडी पडते. 'फर्स्ट ग्लोबल' स्पर्धेत प्रत्येक देशाच्या संघाला सारखाच संच मिळतो. अर्थात सारखा संच दिला म्हणजे संपले, असेही नाही. २०१७ साली वॉशिंग्टनला ती प्रथम भरली, तेव्हा अफगाणिस्तानातील हेरातच्या मुलींचा संच वाटेत अडकून पडला आणि अमेरिकेने त्यांना दोनदा व्हिसा नाकारला. जगभर ओरड झाल्यावर त्या पोचल्या.

केरळने निराळी वाट धरली. २०२५-२६ पासून तेथे दहावीच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमातच रोबॉटिक्स आणले आणि शाळांना संच पुरवले. निवडक दहा मुलांच्या चषकापेक्षा सगळ्या वर्गाच्या हाती मोटार देणे केव्हाही श्रेयस्कर. देशपातळीवर २०१६ पासूनच्या अटल योजनेत प्रयोगशाळेसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. आणखी पन्नास हजार प्रयोगशाळा सरकारी शाळांत उघडण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. यंत्रे येतील. निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपलेल्या शिक्षकाला या प्रयोगशाळेसाठी तास कोण देणार? जिल्हा व तालुका पातळीवरील स्पर्धा सरकारी पैशाने भरत असतील, तर सुट्या भागांची एकच यादी, खर्चाची कमाल मर्यादा आणि जागेवर जोडणी हे तीन नियम आपल्या कार्यकर्त्यांनी आग्रहाने मागावेत. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विचारावे, की प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि गेल्या महिन्यात ते किती वेळा उघडले.